‘हिल हाउस’चे बोलावणे

अमेरिकेत ऑक्टोबर लागला, की हॅलोविनच्या सुमारास शर्ली जॅक्सन यांच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) या कादंबरीकडे वाचक पुन्हा वळतात. कादंबरीतील घटना मात्र जूनमधल्या, भर उन्हाळ्यातल्या आहेत. पानगळीची आयती उदासी जॅक्सन यांनी वापरलेलीच नाही. त्यांच्या भयाचे मूळ एलिनॉर व्हान्सच्या बेघरपणात आहे.

३२ वर्षांची एलिनॉर ११ वर्षे आजारी आईची शुश्रूषा करून आता बहिणीकडे आश्रितासारखी राहते. हिल हाउसमध्ये रात्री दारांवर धक्के बसू लागतात तेव्हा अर्धवट झोपेत ती आईलाच ओ देते. आईने अखेरच्या रात्री भिंतीवर थापा मारल्या आणि आपल्याला जाग आली नाही (की आली होती?), हा सल ती पुढे बोलून दाखवते. त्यामुळे हे भूत एलिनॉरच्या मनातलेच, असा निर्वाळा मानसशास्त्रीय समीक्षा सहज देऊ शकते. तो अपुरा आहे. ते धक्के थिओडोराही ऐकते. अपराधभाव एकीचा आणि आवाज दोघींचा, या विसंगतीची तड निवेदन मुद्दामच लावत नाही.

भिंतीवरच्या अक्षरांतून नाव घेऊन तिला ‘घरी’ बोलावणारी ही वास्तू तिला आपले पहिले घर वाटू लागते. भय आहे ते इथे. इतर मंडळी तिला परत पाठवतात, तेव्हा ती मोटार झाडावर घालते. पण अगदी शेवटच्या क्षणी, आपण हे का करीत आहोत, असा प्रश्न तिला पडतो आणि वास्तूशी एकरूप होण्याचा तिचा उन्माद तिथेच तडकतो.