चुकीच्या आडनावाच्या मागे

जॅक केरुअ‍ॅक म्हटलं की बहुतेकांना ‘ऑन द रोड’ आठवतं. मलाही तेवढंच माहीत होतं. त्याचं १९६६ साली आलेलं ‘सातोरी इन पॅरिस’ हे छोटंसं पुस्तक मी वाचलं, ते माझ्या घराण्याची वंशावळ मांडायला बसले होते तेव्हा.

केरुअ‍ॅक अमेरिकेतल्या लोवेलचा, पण घर क्वेबेकहून आलेलं. लहानपणी तो फ्रेंचच बोलायचा. घरात एक दंतकथा होती : आपला मूळ पुरुष ब्रिटनीचा उमराव, ‘ल ब्री द केरुआक’. १९६५ साली त्याचा माग काढायला तो फ्रान्सला गेला. पॅरिसच्या ग्रंथालयात हाती काही लागलं नाही, ब्रेस्टचं विमान चुकलं, मग रेल्वे. तिथे ल ब्री आडनावाच्या एका गृहस्थाची भेट, आणि परत. मधल्या पानांत कोन्याक आणि बढाया.

पुस्तक म्हणून ते विस्कळीत आहे. लेखक स्वतःच्या रक्तावर इतका खूश आहे की समोरची माणसं त्याला धड दिसत नाहीत. तरीही ते मला महत्त्वाचं वाटतं, ते त्यातल्या एका चुकीमुळे. आडनाव म्हणजे पक्की दोरी, ती धरून मागे गेलं की मूळ पुरुष सापडतो, असं तो धरून चालतो.

ज्या वसाहतीत त्याचे पूर्वज उतरले, तिथे ही दोरी भलतीच सैल होती. कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत माणसाला मूळ आडनावाखेरीज एक ‘दी’ नाव असे. ‘दी’ म्हणजे ‘म्हणतात’; आपलं ‘उर्फ’च. १६६५ साली आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतल्या सैनिकांचीही अशी नावं होती : कुणी लाफ्लर, म्हणजे फूल; कुणी सांसूसी, म्हणजे बेफिकीर. पुढे एक मुलगा मूळ आडनाव लावी, दुसरा उर्फ. पुढची पिढी अमेरिकेत गिरणीकामाला गेली, तेव्हा काही बुआव्हेरांचे ग्रीनवुड झाले.

केरुअ‍ॅकचा पूर्वज तर यांच्याही पुढचा. लेखक वारला १९६९ साली. खरी ओळख त्यानंतर तीस वर्षांनी संशोधकांनी शोधली. तो उमराव नव्हता. युएलगोआ गावच्या नोटरीचा मुलगा होता, नाव युर्बें-फ्रांस्वा ल बिआं द केर्व्होआक. चोरीचा आळ आला, म्हणून त्याने गाव सोडलं आणि कॅनडात वेगवेगळी नावं लावली. ‘ल ब्री’ त्यांतलंच एक. म्हणजे केरुअ‍ॅक फ्रान्सभर शोधत होता ते नाव लपण्यासाठी घेतलेलं होतं! ब्रेटन भाषेत ‘बिआं’ म्हणजे लहान. थोर घराणं शोधायला निघालेल्या माणसाचं खरं आडनाव ‘लहान’ निघावं, हे त्याला स्वतःला सुचलं असतं तर पुस्तक दुप्पट चांगलं झालं असतं.

मात्र मला त्याहून बोचलं ते दुसरंच. या माणसाने १७३२ साली काप-सें-इन्यास इथे लुईझ बेर्निए हिच्याशी लग्न केलं. तिथल्या चर्चच्या नोंदवह्यांत बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावाने लिहिली जाई. म्हणजे या घराण्यात नवऱ्याचं नाव डळमळीत आणि बायकोचं पक्कं. तिच्या बाजूने शोधलं असतं, तर निदान कॅनडातली माती पायाखाली लागली असती. केरुअ‍ॅकला ते सुचत नाही. मूळ म्हणजे बापाचं मूळ, यावर त्याला शंकाच येत नाही.

यावर मी त्याला हसले, आणि मग माझी वंशावळ पाहिली. सात पिढ्यांचे पुरुष, एकाखाली एक. आजी ‘सुमती’ म्हणून होती, सासरच्या आडनावासह. पण ‘सुमती’ हे नाव तिला लग्नात, ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून मिळालेलं. त्याआधीचं? बाबांना सांगता येईना, काकांनाही नाही.

ते सापडलं आत्याच्या फडताळात, एका पितळी डब्याच्या झाकणावर. आजीच्या लग्नात माहेरून आलेल्या त्या डब्यावर कासाराने नाव कोरलं होतं : द्वारका, आणि पुढे तिच्या वडिलांचं नाव. आडनावातली दोन अक्षरं चिंच लावून घासता घासता झिजून गेली आहेत.

क्वेबेकमध्ये १९८१पासून लग्नानंतर बाईचं नाव कायद्यानेच बदलत नाही. आमच्या वंशावळीत मी तेवढं करू शकते. ‘सुमती’ खोडलेलं नाही. त्याआधी ‘द्वारका’ लिहिलं आणि मधे ‘उर्फ’.