ललितेतराचे आकर्षण

ध्यान, संगीतरचनाकार आणि इतिहासविचार ह्या विषयांवरील ग्रंथ त्या क्षेत्रांशी व्यावसायिक संबंध नसलेले वाचकही आवडीने वाचतात. ह्या आवडीची मीमांसा आपल्या समीक्षेने फारशी केलेली नाही. अशा ग्रंथांना आपण ‘ललितेतर’ म्हणतो, म्हणजे ते काय नाहीत एवढेच सांगतो. त्यांतील प्रतिपादनाची पारख तज्ज्ञांवर सोपवली जाते; क्वचित ‘शैली प्रसन्न आहे’ असा शेरा मारून त्यांना ललिताच्या ओसरीवर जागा दिली जाते. निष्कर्ष ठाऊक झाल्यावरही, किंबहुना ते अमान्य असतानाही, वाचक ह्या ग्रंथांकडे पुन्हा का वळतो, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

त्याचे एक उत्तर आर. जी. कॉलिंगवुड ह्यांच्या ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ ह्या मरणोत्तर, १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातच दडलेले आहे. सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली हे घटनेचे बाह्यांग. त्या कृतीत व्यक्त झालेला विचार हे तिचे अंतरंग. इतिहासकाराने तो विचार स्वतःच्या मनात पुन्हा करावयाचा, तोही चिकित्सेसह. इतिहासशास्त्र म्हणून ही भूमिका अपुरी आहे. दुष्काळ, भाववाढ, लोकसंख्येचे चढउतार अशा कोणीही योजून न घडवलेल्या गोष्टी तिच्यात सामावत नाहीत. परंतु वाचनाची उपपत्ती म्हणून ती विलक्षण फलदायी आहे. वैचारिक गद्याचा वाचक माहिती गोळा करीत नसतो. दुसऱ्याचा विचार तो स्वतः करून पाहत असतो.

चार्ल्स रोझेन ह्यांच्या ‘द क्लासिकल स्टाइल’ (१९७१) ह्या ग्रंथात हे स्पष्ट दिसते. हायडन, मोत्सार्ट व बेथोव्हन ह्या तिघांवर लिहिताना रोझेन चरित्रात रमत नाहीत. हायडनच्या ‘ओपस ३३’मधील पहिल्या चतुष्कात साथ म्हणून ऐकू येणारी आकृती नकळत मुख्य सुरावट कशी होते, हे ते दाखवतात. रोझेन स्वतः पियानोवादक होते. त्यामुळे रचनाकारापुढे कोणती अडचण होती आणि त्याने ती कशी सोडवली, हे ते बोटांच्या अनुभवातून सांगतात. पाश्चात्त्य स्वरलेखन न वाचता येणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला कित्येक उदाहरणे ओलांडावी लागतात. तरीही निर्णयाचा तो क्षण हाती लागतो, आणि मग ध्वनिमुद्रिका ऐकताना कान वेगळे झालेले असतात.

ध्यानविषयक ग्रंथापाशी मात्र ही उपपत्ती अडखळते. विचार पुन्हा करता येतो, संवेदनेचा साक्षात प्रवाह नाही, हा भेद कॉलिंगवुड ह्यांनीच केला आहे. चित्त स्थिर झाल्याचे वर्णन वाचल्याने चित्त स्थिर होत नाही. ह्या जातीच्या बहुसंख्य पुस्तकांचे आकर्षण नेमके ही दरी झाकण्यात आहे. वाचनाने आलेली क्षणिक निवांतता ध्यानाच्या नावावर जमा होते आणि वाचक पुढचे पुस्तक शोधू लागतो.

विनोबांची ‘गीता प्रवचने’ ह्याला अपवाद ठरतात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या ह्या प्रवचनांपैकी सहाव्याचा विषय ध्यानयोग आहे. तेथे विनोबा समाधीचे वर्णन करीत बसत नाहीत. चित्ताच्या एकाग्रतेबरोबर ते जीवनाच्या परिमिततेची मागणी करतात आणि आसनावरून उठून आहार, निद्रा, रोजचा व्यवहार ह्यांकडे वळतात. अनुभव पानावर देता येत नाही, हे जाणून ते त्याच्या अटींचा विचार मांडतात; आणि तो विचार वाचकाला पुन्हा करता येतो. ही संहिता आपल्यापर्यंत आली तीही बोलणाऱ्याच्या हातची नाही. साने गुरुजी समोर बसून ऐकत होते आणि लिहून घेत होते. पानावरचे अवधान काही अंशी त्यांचेही आहे.