ढेकर न देता

मराठीत काही शब्दांची लग्ने फार पूर्वी लागलेली आहेत आणि त्यांना घटस्फोटाची सोय नाही. बंदोबस्त म्हटला की तो कडेकोटच असतो. प्रतिसाद उत्स्फूर्तच मिळतो. शोककळा पसरते, ती एका कोपऱ्यात गोळा होऊन बसल्याचे मी तरी कधी वाचलेले नाही. याच वऱ्हाडातले एक जोडपे म्हणजे ‘तृप्तीचा ढेकर’. लग्नाची पंगत असो, हुरड्याची सहल असो, नाहीतर कोल्हापूरच्या मिसळीवरचा लेख असो, शेवटच्या परिच्छेदात लेखक पोटावरून हात फिरवतो आणि हे जोडपे येऊन पाया पडून जाते. हल्ली तर गाण्याच्या मैफलीचा वृत्तांतही रसिकांनी तृप्तीचा ढेकर दिल्यावाचून संपत नाही. भैरवीनंतर हजारभर माणसे खरोखरच तसे करू लागली तर तबलजी आधी पळेल.

या शब्दप्रयोगाची समीक्षा करायला माझ्याइतका लायक माणूस सापडणे कठीण. कारण मला ढेकर येत नसे. जी गोष्ट स्वतःला येत नाही तिच्यावरच अधिकारवाणीने लिहायचे, ही समीक्षेची थोर परंपरा आहे. गेल्या वर्षापर्यंत, म्हणजे वयाची ५४ वर्षे, मी एकही ढेकर दिला नव्हता. तान्हेपणीसुद्धा नाही. आजी मला खांद्यावर टाकून अंगणात येरझारा घालायची, पाठीवर थोपटत राहायची. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, “आला का?” आजी म्हणायची, “नाही हो, घट्ट आहे कार्टं!” आजीने ‘घट्ट’ हा शब्द सहज वापरला. वैद्यकशास्त्राला त्याच शब्दापर्यंत पोचायला पुढे बरीच वर्षे लागली.

आता मूळ संहितेकडे वळतो. समीक्षकाला असे मधूनमधून वळावे लागते. तृप्ती आणि ढेकर यांची गाठ फार जुन्या काळी बांधलेली दिसते ती वनपर्वातल्या दुर्वासाच्या गोष्टीत. आपल्या १०,००० शिष्यांना घेऊन ऋषी अवेळी जेवायला येतात आणि नदीवर स्नानाला जातात. इकडे द्रौपदीची थाळी रिकामी. कृष्ण येतो, थाळीच्या काठाला चिकटलेला भाजीचा कण तोंडात टाकतो आणि तिकडे नदीत उभ्या असलेल्या सगळ्या शिष्यमंडळींना अन्नाच्या चवीसकट ढेकर येऊ लागतात. गोष्ट गोड आहे. पण पुरावा म्हणून तपासा. ढेकर कोणी दिला? जे जेवलेच नाहीत त्यांनी. जेवला तो कृष्ण, आणि त्याच्या ढेकराचा उल्लेख नाही. ज्या खटल्यात मुख्य साक्षीदार उपाशीपोटी साक्ष देतो त्यावर आपण हा वाक्प्रचार उभा केला आहे. शिवाय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली तिच्या मुख्य संहितेत हा प्रसंग नाहीच. तो मागे परिशिष्टात आहे. पोटाचे प्रकरण अपेंडिक्समध्ये गेले, यात विद्वानांचे कौशल्य दिसते.

चरकाने मात्र ढेकराला तृप्तीबरोबर बसवलेले नाही. सूत्रस्थानात त्याने अडवू नयेत अशा १३ वेगांची यादी दिली आहे. तिच्यात मूत्र आहे, शिंक आहे, जांभई आहे, आसवे आहेत आणि या गर्दीत ढेकर उभा आहे. ढेकर अडवला तर उचकी लागते, धाप लागते, अन्नावरची वासना उडते, अंगाला कंप सुटतो, छाती जखडते, असे तो म्हणतो. पुढच्या वैद्यांनी शुद्ध ढेकर हे अन्न पचल्याचे लक्षण म्हणून सांगितले आहे. पचल्याचे, आवडल्याचे नव्हे. तृप्तीची शिंक कोणी लिहीत नाही, तृप्तीची जांभई तर यजमानाचा अपमान होईल. मग एकट्या ढेकरावर हा भार का?

भार तरी सरळ असावा! त्याच मराठीने दुसऱ्या बाजूने काय करून ठेवले आहे पाहा. अमक्याने लाखो रुपये खाल्ले ‘आणि ढेकरही दिला नाही’. म्हणजे जो ढेकर देतो तो तृप्त, आणि जो देत नाही तो चोर. मधल्या माणसाला भाषेत जागाच ठेवलेली नाही. मी एका पतपेढीत हिशेबनीस. वार्षिक सभेनंतर श्रीखंड-पुरीची पंगत होती. जेवण झाल्यावर दोन्ही बाजूंनी सलामी झडू लागली आणि अध्यक्ष माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, “काय हो, तुमचा ढेकर आम्ही कधी ऐकलाच नाही बुवा!” सगळे हसले. फक्त ऑडिटर हसला नाही. त्या वर्षी त्याने माझी व्हाउचरे दोनदा तपासली.

हे सगळे मी हसण्यावारी नेले असते. पण माझी मिरजेची मावशी होती. तिच्या हातची पुरणपोळी आणि कटाची आमटी खाल्लेली माणसे अजून आहेत, त्यांना विचारा. पंगत उठायच्या वेळी ती स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी राहायची, ती फक्त ऐकायला. काकांचा ढेकर, मामांचा ढेकर, शेजारच्या जोशांचा दोन आवर्तनांचा ढेकर. प्रत्येकाला तिची मान हलायची. मग माझ्यापाशी यायची.

“आवडलं नाही का रे?”

“पोटभर जेवलो गं मावशी. पाच पोळ्या खाल्ल्या.”

“मग ढेकर कसा नाही आला?”

याला उत्तर काय द्यायचे? मावशी २००३ साली गेली. शेवटपर्यंत ती आईला सांगत असे, “त्याला माझ्या हातचं रुचत नाही. गुणी आहे म्हणून भिडेनं जेवतो.” तिच्या घरी पावती एकाच तऱ्हेने फाडली जायची आणि ती माझ्याकडे नव्हती. या वाक्प्रचारावर माझा खरा राग आहे तो एवढ्यासाठी.

पावती सोडा, पोटात काय चालते ते सांगतो. घासागणिक, घोटागणिक माणूस थोडी हवा गिळतो. ती जठराच्या वरच्या भागात साठते. जठर फुगले की त्याचे वरचे तोंड क्षणभर सैल होते आणि हवा अन्ननलिकेत चढते. अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला, घशाशी, आणखी एक दार असते. स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला एक आडवा स्नायू आहे. तो एरवी आवळलेला असतो, गिळताना सुटतो आणि ढेकराच्या वेळीही सुटतो. माझा तो स्नायू गिळताना शहाण्यासारखा सुटे. पण खालून वर येणाऱ्याला म्हणे, साहेब नाहीत, उद्या या. हवा दाराशी यायची, धडकायची आणि परत फिरायची. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायला नको.

ही परत फिरणारी हवा मुकाट्याने जात नाही. गळ्यातून बेडकासारखा आवाज काढते. एका शोकसभेत दोन मिनिटे स्तब्ध उभे असताना माझ्या गळ्यातून लागोपाठ चार वेळा ‘डरांव’ झाले. दिवंगतांचे चिरंजीव माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती अजून आठवते. संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखे, छातीत कोणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखे. कमरेचा पट्टा दोन भोके सैल करायचा आणि डाव्या कुशीवर पडून राहायचे. उरलेली हवा मग दुसऱ्या मार्गाने जाते. त्यावर कोणी वाक्प्रचार केलेला नाही, किंवा केला आहे तो इथे लिहिण्याजोगा नाही. हळूहळू मी दुसऱ्यांकडे जेवायला जायचे टाळू लागलो. ऑफिसची सहल टाळली, भाच्याच्या लग्नात ‘उपास आहे’ म्हणालो. माणूसघाणा म्हणून माझी ख्याती झाली. वास्तविक मी हवाघाणा होतो.

उपायांना तोटा नव्हता. ओवा झाला. हिंगाष्टक चूर्ण झाले. हिंग, सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, जिरे, शहाजिरे आणि सैंधव अशी आठ दिग्गजांची समिती एकमताने वायूला खाली पाठवते. पण माझा अर्ज वर जाण्यासाठी होता. सर्वात क्रूर उपाय लिंबू-सोड्याचा. “गटागट प्या, बघा कसा खणखणीत येतो,” असे सांगणारा माणूस दर मांडवात एक असतो. ज्याच्या घराचे दार उघडत नाही त्याच्या खिडकीतून आणखी पन्नास पाहुणे आत सोडण्यातलाच हा प्रकार. एका मुंजीत सोडा पिऊन मी तीन तास कोठीच्या खोलीत नारळांच्या पोत्यावर पडून होतो.

डॉक्टरही झाले. छातीत दुखते म्हणून एकांनी कार्डिओग्राम काढला. निर्दोष. दुसऱ्यांनी नळी घालून जठरापर्यंत पाहिले. निर्मळ. तिसरे मोकळेपणाने हसले. म्हणाले, “अहो, माझ्याकडे दिवसाला दहा जण ढेकर थांबवा म्हणून येतात, तुम्ही आणा म्हणता! ढेकर आला नाही म्हणून मेलेला माणूस मी पाहिलेला नाही. मन दुसरीकडे गुंतवा.” फी घेतली. जी गोष्ट घडते तिची तक्रार करता येते. ताप येतो, पोट दुखते, नाक वाहते. जी घडतच नाही ती कागदावर कुठल्या रकान्यात लिहायची? मी ‘मला ढेकर येत नाही’ म्हणालो की समोरचा माणूस पुढचे वाक्य ऐकायला थांबायचा, आणि माझे तर वाक्य तिथेच संपलेले असायचे.

सुटका भाचीने केली. ती कान-नाक-घशाचा अभ्यासक्रम करत होती. एका रविवारी छापलेली पाने घेऊन आली. “मामा, तू वेडा नाहीस. तुला नाव आहे.” नाव होते रेट्रोग्रेड क्रिकोफॅरिंजियस डिसफंक्शन. अमेरिकेत शिकागोजवळच्या डॉ. रॉबर्ट बास्टियन यांनी २०१९ साली सहकाऱ्याबरोबर लेख लिहून ते प्रसिद्ध केले होते आणि त्यात ५१ रुग्णांची हकीगत होती. त्याआधी १९८७ सालीही एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ढेकराची यंत्रणा बिघडल्याने छातीत असह्य दुखते, अशी नोंद झाली होती. मग तीस वर्षे जवळजवळ सामसूम. मी ती लक्षणे वाचली. बेडकाचा आवाज, फुगलेले पोट, छातीतला दाब, आणि चौथे ते लिहिण्याजोगे नसलेले. परक्या मुलखात, परक्या भाषेत कोणीतरी माझे आत्मचरित्र छापले होते. मी ते तीनदा वाचले. बायको म्हणाली, “अहो, रडताय कशाला? जेवण वाढलंय.”

उपाय असा की त्या आवळलेल्या स्नायूत बोट्युलिनम नावाचे विष सूक्ष्म मात्रेत टोचायचे. सिनेमातली माणसे कपाळावरच्या सुरकुत्या घालवायला घेतात तेच हे बोटॉक्स. स्नायू काही महिने सैल पडतो आणि तेवढ्यात शरीर ढेकर द्यायला शिकते. औषधाचा असर गेल्यावरही बऱ्याच जणांना ही विद्या टिकते, काहींना पुन्हा टोचून घ्यावे लागते. मला भूल देऊन मुंबईत टोचले. पहिले काही दिवस घास घशाशी रेंगाळायचा, भात पाण्याबरोबर ढकलावा लागायचा, आणि बायको प्रत्येक घासाला माझ्या गळ्याकडे पाहायची.

पाचव्या दिवशी पहाटे सहा वाजता मी खिडकीशी बसून कोमट पाण्याचा एक घोट घेतला. पोटात अन्न नव्हते, चहासुद्धा झालेला नव्हता. आणि तो आला. मोठा नव्हता, जुन्या कपाटाचे दार उघडावे तसा. स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, दार वाजलं का?” मी काही बोललो नाही. छातीवरचा तो गुडघा उठला होता आणि मी नुसता बसून होतो. मग दुसरा आला.

आता परीक्षणाचा निकाल. मला आला त्या ढेकरात तृप्ती औषधालासुद्धा नव्हती. पोटात काही नव्हतेच, तर ती कशाची असणार? ती सुटका होती. कोंडलेल्या खोलीची खिडकी उघडल्यावर वाटते तसे वाटले. तेव्हा लेखकांनी यापुढे ‘सुटकेचा ढेकर’ असे लिहावे, निदान पाच-दहा वर्षे लिहून पाहावे, अशी माझी सूचना आहे. जेवण आवडले हे सांगायला तोंड आहेच. ढेकर तो की ती यावरही एकदा बसून निर्णय व्हावा. आमच्या घरी वडील ‘ढेकर दिली’ म्हणत आणि आई ‘ढेकर दिला’ म्हणे, आणि दोघांनाही तो किंवा ती सहज येई.

या लेखाची प्रुफे काल आली. ‘आणि तो आला’ या माझ्या वाक्यात मुद्रितशोधकाने लाल शाईने ‘तो’च्या पुढे दोन शब्द घातले आहेत. ‘आणि तो तृप्तीचा ढेकर आला.’ पहाटे सहा वाजता, उपाशीपोटी.