वादी तुटली म्हणजे

गाण्याच्या बैठकीवर आपल्याकडे जें लिहिलें जातें त्यांत तबलजीच्या वांट्यास बहुधा एकच वाक्य येतें, आणि तेंहि शेवटचें. ‘अमक्यांनीं समर्पक साथ केली’ हें तें वाक्य. गवयानें निषाद कसा लावला, तो कोठें थांबला, याचा काथ्याकूट दोन दोन स्तंभ चालतो. परंतु ज्याच्या हातीं सबंध बैठकीचा काळ सोंपविलेला असतो त्याचें परीक्षण एका विशेषणांत आटोपतें. वाद्य बिघडलें तर मात्र त्यास आणखी एक वाक्य मिळतें. त्या दुसऱ्या वाक्याविषयीं मला येथें लिहावयाचें आहे, कारण तें एकदां मींच लिहिलेलें आहे.

गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वींची. अमरावतीस भाद्रपदांत एका उत्सवाच्या मंडपांत ख्यालगायनाची बैठक होती. दिवसभर झड लागलेली होती आणि कनातींच्या फटींतून ओला वारा आंत येत होता. द्रुत बंदिश ऐन रंगांत आली असतां उजव्या तबल्याची वादी तुटली. क्षणार्धांत पुडी ढिली पडली आणि स्वर म्हणून कांहीं उरलाच नाहीं. तबलजीनें तबला बाजूस सारला, डग्गा पुढें ओढला, आणि डाव्या हातानें त्याचा घुमारा व उजव्या हाताच्या बोटांनीं त्याचीच किनार वाजवीत ठेका चालू ठेवला. सम एकदांहि ढळली नाहीं. कांहीं वेळानें कोणीतरी दुसरा तबला आणून दिला; तो गवयाच्या षड्जाशीं जुळेना. गवयाच्या कपाळास आंठ्या पडल्या आणि बैठक लौकर उरकली. दुसऱ्या दिवशीं एका स्थानिक पत्रासाठीं मीं जें टिपण लिहिलें त्यांत ‘साथीदाराच्या हलगर्जीपणामुळें रंगाचा बेरंग झाला’ असें एक वाक्य होतें. लिहितांना तें मला मोठें चटकदार वाटलें होतें. त्यानंतर त्या उत्सवांत तो तबलजी मला पुन्हा दिसला नाहीं.

तबल्याची रचना मला तेव्हां ठाऊक नव्हती असें नाहीं. पुस्तकांतून ठाऊक होती. पुडीच्या कडेला जो चामड्याचा गजरा विणलेला असतो त्यास सोळा घरें असतात. त्या घरांतून ओवलेली लांब वादी खोडाच्या बुडाशीं जाऊन पुन्हा वर येते, आणि तिच्याखालीं सरकविलेले आठ गट्टे तिला ताण देतात. वादी सलग असल्यामुळें ती एका ठिकाणीं गेली कीं सोळाहि घरांचा ताण जातो. मधोमध जी शाई असते ती केवळ शोभेची नव्हे. साध्या चामड्याच्या पडद्यांतून निघणारे उपस्वर मूळ स्वराशीं पूर्णांकाच्या प्रमाणांत नसतात, म्हणून साधा ढोल गोंगाट करतो. तबल्यावरील शाईच्या भारामुळें तेच उपस्वर जवळजवळ त्या प्रमाणांत येऊन बसतात, ही गोष्ट चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं शिवकाली कुमार यांच्यासह १९२० सालीं ‘नेचर’ या पत्रांत मांडली. तेव्हां तबलजीवर दोन भार असतात: तालाचा आणि स्वराचा. वाद्य बिघडलें म्हणजे दोन्ही एकदम डगमगतात, आणि त्यांतला कोणता टाकावा व कोणता राखावा हा निर्णय त्याला एका मात्रेच्या अवकाशांत घ्यावा लागतो. अमरावतीच्या त्या तबलजीनें स्वर सोडला व काळ राखला. हा निर्णय मर्मज्ञाचा होता. गवयास तंबोरा स्वर देतच होता. सम त्याला दुसरें कोण देणार? माझ्या टिपणांत याचा मागमूसहि नव्हता.

यावर कोणी म्हणेल कीं वाद्य आधीं तपासून घ्यावयास नको काय? घ्यावयास हवें. निम्मे बिघाड आळसापोटीं होतात, आणि विरलेली वादी घेऊन बैठकीस येणाऱ्याची कींव करण्याचें मला कारण दिसत नाहीं. त्याहून मला राग येतो तो हातोडीचें नाटक करणाऱ्यांचा. गवयास ताटकळत ठेवून पांच पांच मिनिटें गजऱ्यावर ठोकाठोक करावयाची, मान हलवावयाची, आणि शेवटीं श्रोत्यांकडून टाळी घ्यावयाची, ही साथ नव्हे. चांगला तबलजी डाव्या हातानें ठेका राखून उजव्या हातानें दोन मात्रांच्या मधल्या फटींत हातोडीचा ठोका टाकतो, आणि श्रोत्यांच्या तें ध्यानांतहि येत नाहीं.

परंतु सारेच बिघाड आळसाचे नसतात. कातडें हवेंतील ओलावा शोषून ढिलें पडतें व कोरड्या उष्णतेनें ताठरतें, आणि आमच्या वऱ्हाडांत दोन्ही टोकें आहेत. अकोल्याचा मे महिना ज्यानें काढला आहे त्याला पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो म्हणजे काय हें सांगावयास नको. तेव्हां तबला चढतो, आणि पखवाजाच्या डाव्या मुखावर लावलेली ओली कणीक भजन अर्ध्यावर येईतों सुकून तडकते. मग पखवाजी अभंगाच्या दोन चरणांमध्यें हळूच ओलें बोट तिच्यावरून फिरवतो. श्रावणांत याच्या उलट. अकोल्याच्या कावडयात्रेंत श्रावणाच्या शेवटच्या सोमवारीं गांधीग्रामाहून पूर्णेचें पाणी राजराजेश्वराच्या मंदिरीं आणतात, आणि वाटेंत पाऊस आला म्हणजे कातडी ढोलांचा आवाज बसतो. हलगी व डफडें वाजविणारे रस्त्याच्या कडेला कागद किंवा काडीकचरा पेटवून त्यावर वाद्य शेकतात, हें आपण लहानपणापासून पाहिलेलें आहे. पाहिलें आहे, पण त्या शेकण्यास आपण कधीं कला म्हटलें नाहीं. किती शेकावें, कोणत्या अंगानें, कातडें करपण्याच्या किती आधीं काढून घ्यावें, हें ज्ञान ज्यांच्या घराण्यांत चाललें त्यांना आपण वेशीबाहेर उभें केलें, आणि पुढें त्यांच्यांतील पुष्कळांनीं तें वाजविणेंच अभिमानानें सोडलें. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपणांस नाहीं. आतां पुष्कळ ढोलांवर कातड्याऐवजीं प्लास्टिकचा पडदा असतो. अमेरिकेंत १९५७ च्या सुमारास अशा पडद्यांचा प्रसार सुरू झाला तो याच ओलाव्याला कंटाळून. मिरवणुकीस ते ठीक आहेत. माझा आक्षेप एवढाच कीं त्यांच्या आवाजांत सकाळ आणि रात्र सारखीच ऐकूं येते.

खंजिरीचें मात्र निराळें आहे. तिला वादी नाहीं, गट्टे नाहींत. लांकडाच्या कड्यावर चिकटविलेलें एक कातडें, एवढाच तिचा संसार. भजन चालू असतां ती उतरली तर वादकापाशीं हातोडीचा उपाय नाहीं. उतरविण्यास पाणी आणि चढविण्यास ऊब, एवढेच दोन उपाय. असें हें बेभरंवशाचें वाद्य तुकडोजी महाराजांनीं हातीं घेतलें. यावलीस १९०९ सालीं जन्मलेल्या आणि १९३५ त मोझरीस गुरुकुंज स्थापणाऱ्या या पुरुषानें १९६८ पर्यंत, म्हणजे देह ठेवीपर्यंत, जो समुदाय जमविला तो त्या खंजिरीच्या नादावर. संगीताचा टीकाकार या नात्यानें मला त्यांत एक गोष्ट विशेष वाटते. येथें गाणारा व वाजविणारा एकच आहे. वाद्याचा स्वर बसूं लागला तर आवाज वर उचलावा, घसा थकला तर हात पुढें करावा, ही देवघेव एकाच देहांत होते; आंठ्या घालणारा गवई शेजारीं नसतो. अकोट भागांतील सत्यपाल महाराज एकदम सात खंजिऱ्या मांडून वाजवितात. त्यांत कसरतीचा अंश आहे असें माझें एक सहकारी म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. सात कातडीं एका हवेंत सात प्रकारें ढिलीं पडतात, आणि त्यांना एका प्रबोधनाच्या दावणींत बांधून ठेवणें हें कानाचें काम आहे, मनगटाचें नव्हे.

गेल्या वर्षीं आमच्या महाविद्यालयाचा तबला मढवून घ्यावयाचा होता. अकोल्यास एका गल्लींत तबले मढविणारा आहे असें कळलें, म्हणून मीं स्वतः गेलों. पुडी मांडीवर घेऊन बसलेल्या त्या गृहस्थास मीं ओळखलें नाहीं. त्यानें मला ओळखलें. टिपणाविषयीं तो अवाक्षर बोलला नाहीं. मीं चांचरत कांहीं बोलूं लागलों तेव्हां त्यानें हातांतली वादी पाण्यांत बुडवून वर काढली, दोन बोटांत ताणून मला दाखविली आणि म्हणाला, “तवाची वादी जुनी नव्हती, सायेब. नवी होती. पन वली होती. वली वादी ताणली का वाळतांनी तुटते.” मग त्यानें आमचा तबला उलटासुलटा करून पाहिला, शाईवर टिचकी मारली, आणि हा कोण वाजवतो म्हणून विचारलें. मुलें वाजवितात असें मीं सांगितलें. “बस्तरवारीं या,” तो म्हणाला, “आन् येतांनी पेटी आना, सूर लावून देतो.”