प्रायोगिक रायफलींचा इतिहास आणि ‘ईएम-२’ : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :

शस्त्रास्त्रांचा इतिहास प्रामुख्याने स्वीकारल्या गेलेल्या शस्त्रांचा इतिहास असतो. चाचणीच्या टप्प्यावर नाकारलेली शस्त्रे एकतर तळटीपेत जातात किंवा त्यांची दंतकथा होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तयार झालेली ‘ईएम-२’ ही रायफल दुसऱ्या प्रकारात मोडते. ‘काळाच्या पुढे असलेले आणि राजकारणाने मारलेले शस्त्र’ अशी तिची ख्याती आहे. ही मांडणी कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय सैन्यांनी स्वीकारलेली काडतुसे हजार यार्डांपलीकडील लक्ष्याचाही विचार करणारी होती. ब्रिटनचे ०.३०३ इंची काडतूस याच परंपरेतील होय. प्रत्यक्ष युद्धात मात्र पायदळाची बहुतेक चकमक याहून बऱ्याच कमी अंतरावर होते, हा अनुभव दोन्ही महायुद्धांनी दिला. जर्मनीने युद्धकाळातच आखूड काडतुसाची स्वयंचलित रायफल सैन्याच्या हाती दिली होती. ब्रिटनमध्ये १९४५ पासून आदर्श कॅलिबरचा पद्धतशीर शोध सुरू झाला आणि त्यातून ०.२८० इंची काडतूस पुढे आले.

या काडतुसासाठी एन्फिल्ड येथे ‘ईएम-२’ घडवण्यात आली. तिचे प्रमुख अभिकल्पक काझिमिएश यानुशेव्स्की हे मूळचे पोलंडचे होते. ब्रिटनमध्ये ते स्टीफन जॅन्सन या नावाने ओळखले गेले. या रायफलीत मॅगझिन चापाच्या मागे, दस्त्यातच बसवलेले होते. ‘बुलपप’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेमुळे नळीची लांबी कायम ठेवून एकूण लांबी सुमारे ८९ सेंटिमीटरपर्यंत आणता आली. उचलण्याच्या मुठीतच नेम धरण्याची दर्शिका होती. एप्रिल १९५१ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने ही रायफल क्रमांक ९ म्हणून स्वीकारल्याचे जाहीर केले.

प्रचलित मांडणी :

यापुढील कथा सर्वपरिचित आहे. ऑक्टोबर १९५१ मध्ये सत्तांतर झाले. चर्चिल यांनी नाटो राष्ट्रांच्या समान काडतुसाला प्राधान्य देऊन आधीचा निर्णय फिरवला. अमेरिकेचा आग्रह पूर्ण शक्तीच्या काडतुसाचा होता. अखेर ७.६२ × ५१ मि.मी. हे काडतूस नाटोचे प्रमाण ठरले आणि ब्रिटनने बेल्जियमच्या ‘एफएएल’ रायफलीची आपली आवृत्ती घेतली.

या मांडणीतील सत्यांश नाकारता येत नाही. १९५२ मध्येच अमेरिकेच्या ऑपरेशन्स रिसर्च ऑफिसच्या अहवालाने रायफलीचा परिणामकारक वापर साधारणपणे ३०० यार्डांच्या आतच होतो, असे दाखवले होते. तरीही १९५७ मध्ये अमेरिकेने ‘एम-१४’ स्वीकारली. स्वयंचलित माऱ्यात तिचा धक्का सैनिकाला आवरेनासा होत असे. पुढील दशकातच तिची जागा ५.५६ मि.मी.च्या ‘एम-१६’ने घेतली आणि १९८० मध्ये हे लहान कॅलिबरही नाटोचे प्रमाण झाले.

मांडणीच्या मर्यादा :

परंतु या घटनाक्रमावरून ‘ईएम-२’ श्रेष्ठ होती, असे अनुमान काढणे तर्कदुष्ट ठरते. पहिली गोष्ट, काडतुसामागील विचार योग्य असणे आणि रायफल योग्य असणे या भिन्न बाबी आहेत. ‘ईएम-२’चे सुटे भाग बारकाईच्या यंत्रकामाचे होते. तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन कधी झाले नाही. रणांगणाची कसोटीही लागली नाही. रिकामे काडतूस उजवीकडे, नेमक्या गालाजवळ बाहेर पडत असल्याने डाव्या खांद्यावरून ती वापरणे शक्य नव्हते. नाकारलेल्या शस्त्राचे दोष उघड होण्याची संधीच मिळत नाही आणि त्याच्या कीर्तीचे एक कारण हेच असते.

दुसरी गोष्ट, ब्रिटनने १९८५ मध्ये ‘एसए-८०’ ही बुलपप रायफल स्वीकारली. तिच्या बिघाडांबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की २००० नंतर तिच्यात व्यापक दुरुस्ती करावी लागली. रचनेची कल्पना चांगली असली तरी कारखान्यातील उत्पादनाचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, याचा हा पुरावा होय.

तिसरी गोष्ट, ‘एफएएल’चा एक आरंभीचा नमुनाही ०.२८० इंची काडतुसासाठीच होता आणि १९५० मध्ये तो अमेरिकेत ‘ईएम-२’बरोबर चाचणीला उतरला होता. काडतूस बदलल्यावर ‘एफएएल’ बदलली आणि जगभर पसरली. ‘ईएम-२’चेही काही नमुने ७.६२ मि.मी.मध्ये तयार झाले. पण त्यांच्यामागे निर्यातीवर उभा असलेला कारखाना नव्हता.

चौथी गोष्ट, ५.५६ मि.मी.च्या विजयात ०.२८०चे समर्थन शोधणे योग्य नाही. ०.२८०ची गोळी त्याच्या दुपटीहून अधिक वजनाची होती. तो मधला मार्ग होता. नाटोने आधी जड आणि नंतर हलका मार्ग निवडला. ‘काळाच्या पुढे’ हा निवाडा निकाल ठाऊक झाल्यावरचा आहे.

भारतीय संदर्भ :

१९६२ च्या युद्धात भारतीय जवानांच्या हाती प्रामुख्याने ०.३०३ रायफलीच होत्या. त्यानंतर इशापूर येथे ‘एफएएल’वर आधारित ७.६२ मि.मी.ची रायफल तयार होऊ लागली. म्हणजे नाटोच्या निर्णयाचे पडसाद नाटोबाहेरील भारतातही उमटले. पुण्याच्या एआरडीई या संस्थेने अभिकल्पित केलेली ‘इन्सास’ १९९० च्या दशकात ५.५६ मि.मी.कडे वळली, तर २०१९ मध्ये भारताने पुन्हा ७.६२ × ५१ मि.मी.च्या रायफली खरेदी केल्या. अमेरिकेच्या लष्करानेही २०२२ मध्ये ६.८ मि.मी.ची निवड केली. कॅलिबरचा प्रश्न अंतिमतः सुटलेला नाही, हेच यातून दिसते.

निष्कर्ष :

प्रायोगिक रायफलीचे मूल्यमापन करताना काडतूस, उत्पादन, पुरवठा आणि मैत्रीकरार यांना वगळून केवळ यंत्ररचनेकडे पाहणे अपुरे आहे. तसेच ‘राजकारणाने मारले’ हे स्पष्टीकरणही अपुरे आहे. कारण मित्रराष्ट्राचे काडतूस आपल्या रायफलीत चालणे ही लष्कराची खरी गरज होती. मात्र या वादाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न दोन्ही बाजूंचे अभ्यासक क्वचितच विचारतात. आदर्श रायफलीवर चर्चा चालू असताना कोरियात ब्रिटिश सैनिक प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावी लागणारी रायफल घेऊनच लढत होता. प्रायोगिक शस्त्रांच्या इतिहासाचे लेखन त्याच्यापासून सुरू झाले, तर दंतकथेला फारसा वाव उरणार नाही.