‘प्रतिक्रिया’ नावाची पळवाट

(इगतपुरी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय तुम्ही पत्रिकेवर वाचलाय : ‘गतीचे नियम आणि माणसाचं वागणं’. विषय मी निवडला, पण मी त्याची बाजू मांडायला आलेलो नाही. ही तुलना आपण सगळेच फार सहज करतो. ती कुठे चालते आणि कुठे आपल्याला फसवते, ते आज तपासून बघू.

नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ असा धडाच आहे. शाळा सुटली, गणितं विसरली, पण एक वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं : प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते. हे वाक्य आता विज्ञानाच्या तासापेक्षा बाहेरच जास्त ऐकू येतं. भाऊबंदकीत ऐकू येतं, निवडणुकीच्या सभेत ऐकू येतं. कुठे दगडफेक झाली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी शांतपणे सांगतो, ‘क्रियेला प्रतिक्रिया होणारच.’ म्हणजे दगड न्यूटनने मारला, आमचा फक्त हात होता! (हशा)

हसलो खरं, पण यात एक गंभीर गोष्ट आहे. जबाबदारी झटकायला विज्ञानाचा आधार घेतला जातोय.

आधी तुलनेचं जे चांगलं आहे ते मान्य करू. न्यूटनचा ग्रंथ 1687 साली आला. ग्रह आणि पडणारं फळ एकाच नियमाने चालतात, हे कळल्यावर विचार करणाऱ्यांना वाटणारच की माणसाचेही असेच नियम सापडतील. बेल्जियमच्या केतले याने 1835 मध्ये या अभ्यासाला ‘सामाजिक भौतिकी’ म्हटलं. ही हाव वाईट नव्हती. जन्म, मृत्यू, गुन्हे यांचे आकडे नीट मांडले तर त्यांत काही सातत्य दिसतं, आणि ते दिसल्यामुळे पुढे कितीतरी उपयोगी कामं झाली. खुद्द न्यूटनला मात्र माणसांचा अंदाज आला नाही. 1720 साली साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटला, त्यात त्याचे बरेच पैसे बुडाले.

आता एकेक नियम घेऊ. त्यासाठी लांब जायला नको, आपला घाट आहे.

तुमच्यापैकी जे मुंबईकडून आले, त्यांची गाडी कसाऱ्याला थांबली असेल. तिथे बऱ्याच गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. हा थळ घाटाचा मार्ग 1 जानेवारी 1865 ला सुरू झाला. चढ एकास सदतीस, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ऐकायला काहीच नाही. पण 1,000 टनांची गाडी या चढावर उभी असेल, तर सुमारे 27 टन वजनाएवढी ओढ तिला सतत खाली खेचत असते.

पहिला नियम जडत्वाचा. बाहेरून बळ लागलं नाही तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते. यावरून आपण म्हणतो, ‘समाजात जडत्व आहे, रूढी लवकर हलत नाहीत.’ ऐकायला पटतं. पण घाटात उभी असलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. ती थांबलीय, म्हणजे काहीच घडत नाहीये का? ब्रेक लावलेले आहेत. ब्रेक सोडा, मग बघा काय होतं ते. जे स्थिर दिसतं ते कुणीतरी धरून ठेवलेलं असू शकतं.

याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. 2 मार्च 1930. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसं मिरवणुकीने आली. मंदिराचे दरवाजे बंद होते. सत्याग्रही दरवाज्यांसमोर बसले. आता याला ‘समाजाचं जडत्व’ म्हणायचं का? दरवाजा आपोआप बंद राहत नाही. तो कुणीतरी लावतो, कडी घालतो, बंदोबस्त मागवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतो. अस्पृश्यता ही जुनी सवय होती म्हणून टिकली नाही. ती टिकवायला रोज बळ लागत होतं आणि ते लावणारी माणसं होती. ‘जडत्व’ म्हटलं की ही माणसं चित्रातून नाहीशी होतात. म्हणून माझी विनंती आहे : कुठेही ‘लोकांची मानसिकताच तशी आहे’ असं ऐकलंत, तर विचारा, ब्रेक कुणी धरलाय?

दुसरा नियम. जेवढं बळ जास्त, तेवढा गतीतला बदल जास्त. यावर आपली कितीतरी घरं, शाळा आणि कचेऱ्या चालतात. मार्क कमी पडले, दाब वाढवा. काम होत नाही, नोटीस काढा. पण या नियमातली एक गोष्ट आपण विसरतो. दगडाला आठवण नसते. तोच दगड, तेच बळ, तीच परिस्थिती, तर पहिल्यांदा जेवढा बदल तेवढाच दहाव्यांदा. माणसाचं असं नाही. दुधाने तोंड पोळलं की आपण ताकही फुंकून पितो. ताकाने तर काहीच केलेलं नसतं! पहिल्यांदा ओरडलात तर मूल दचकतं, दहाव्यांदा ऐकूनही न ऐकल्यासारखं करतं, आणि पुढे कधीतरी तुमच्याशी खोटं बोलायला शिकतं. बळ तेवढंच, परिणाम तीन. कारण माणसाला बळ नुसतं लागत नाही. ते कुणी लावलं, का लावलं, याचा अर्थ तो लावत बसतो.

आता तिसरा नियम, ज्यासाठी आपण खरं तर जमलोय. समजा मी कुणाच्या थोबाडीत मारली. यातली प्रतिक्रिया कोणती? तुम्ही म्हणाल, त्याने मला उलट मारली ती. नाही! माझ्या हाताने गालावर बळ लावलं, त्याच क्षणी गालाने माझ्या हातावर तेवढंच बळ लावलं. माझा हात चुरचुरला ना, तीच प्रतिक्रिया. ती तिथेच संपली. न्यूटनचा हिशोब पूर्ण झाला. त्यानंतर समोरच्याने हात उचलला, तर ती नवी क्रिया. तिचा हिशोब वेगळा आणि कर्ताही वेगळा.

यातून तीन फरक निघतात. पहिला, वेळेचा. भौतिकातली प्रतिक्रिया क्रियेबरोबरच असते, मध्ये क्षणाचंही अंतर नसतं. माणसाच्या बाबतीत अंतर असतं, कधी अर्धा सेकंद, कधी वीस वर्षं. दुसरा, मापाचा. तिथे दोन्ही बळं अगदी समान. सूडात समान काही नसतं, एका शब्दाला दहा शब्द. तिसरा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. न्यूटनच्या नियमात प्रतिक्रिया ज्याने क्रिया केली त्याच्यावरच होते. दंगलीत काय होतं? एका गावात कुणीतरी काहीतरी करतो आणि दुसऱ्या गावात ज्याचा काही संबंध नाही त्याचं दुकान जळतं. याला कुठल्याही नियमाने प्रतिक्रिया म्हणता येत नाही. ज्या नियमाची साक्ष काढली, तोच नियम त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो.

गंमत बघा, तिसरा नियम मुळात सूडाचा नाहीच. इंजिनाचं चाक रुळाला मागे ढकलतं आणि रूळ चाकाला पुढे ढकलतो, म्हणून गाडी घाट चढते. पावसात रूळ ओला झाला की चाक घसरतं, मग रुळावर वाळू सोडतात, पकड यावी म्हणून. आपण चालतो तेही याच नियमाने. नियम आधाराचा होता, आपण तो ‘अरे ला का रे’ असा करून टाकला.

थोडा दोष भाषेचाही आहे. ‘नियम’ हा शब्द आपण दोन्हीकडे वापरतो. ‘येथे थुंकू नये’ हाही नियम आणि गुरुत्वाकर्षण हाही नियम. पण थुंकू नये अशी पाटी लावावी लागते, कारण तो नियम मोडता येतो. ‘दगडाने खाली पडावे’ अशी पाटी कुठे पाहिलीत का? ‘प्रतिक्रिया’ शब्दाचंही तसंच. खरं तर आपल्याकडे प्रतिसाद आहे, उत्तर आहे, प्रत्युत्तर आहे. एवढे शब्द असताना आपण नेमका तो शब्द उचलतो ज्यात करणारा दिसत नाही.

काही जण म्हणतील, आपल्याकडे कर्माचा सिद्धांत आहे, पेरावे तसे उगवते, तो तिसऱ्या नियमासारखाच की! नाही. तिथे फळ उशिरा येतं, आणि हेतूला महत्त्व असतं. शिवाय त्या परंपरेतही ‘मग माणूस मोकळा कुठे?’ हा प्रश्न सुटलेला मानून कुणी पुढे गेलं नाही. टिळकांचं ‘गीतारहस्य’ 1915 साली प्रसिद्ध झालं. त्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असं एक पूर्ण प्रकरण आहे. नावातच दोन्ही बाजू आहेत.

मग माणसाला गतीचे नियम कधीच लागू होत नाहीत का? होतात, आणि तेव्हा ते भयंकर असतं. 2003 च्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी झाली, तीसहून अधिक भाविक गेले. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं उभी राहिली की कुणी स्वतःच्या पायाने चालत नाही. धक्का एका अंगातून दुसऱ्या अंगात जातो, पाण्यात लाट जावी तसा. तिथे ‘तू मला का ढकललंस’ याला अर्थ नसतो. ढकलणाराही ढकललेलाच असतो. तिथे माणूस खरोखर वस्तू होतो, कारण त्याच्याभोवती निवड करायला जागाच उरलेली नसते. आणि म्हणूनच तिथे दोष गर्दीतल्या माणसाचा नसतो. रस्ता किती रुंद होता, अडथळे कुठे लावले, माणसं कधी थांबवली, हे ठरवणाऱ्यांना विचारायचं असतं. 2027 मध्ये नाशिकला पुन्हा कुंभ आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

तर माझं म्हणणं एवढंच : माणसाची जागा जितकी हिरावली जाते, तितका तो गतीच्या नियमांच्या ताब्यात जातो. जागा असताना जो म्हणतो ‘माझी प्रतिक्रिया होती’, तो स्वतःला दगड म्हणवून घेतोय.

पुन्हा घाटात येऊ. इगतपुरीहून खाली उतरताना मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारे रूळ दिसतात. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. तिथला सांधा एरवी त्या बाजूच्या रुळालाच लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबून दाखवते, ती ताब्यात आहे हे कळतं, मग सांधा मुख्य मार्गाला लागतो. ब्रेक निकामी झालेली गाडी असेल तर ती चढावर जाऊन थांबते. उताराचा नियम बदलता येत नाही, हे रेल्वेला ठाऊक आहे. म्हणून तिने नियमाच्या आड थांबायची जागा बांधली.

काळारामच्या लढ्यातही मला हेच दिसतं. त्या वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड आले. ‘समान आणि विरुद्ध’ हिशोबाने दगडाला दगड मिळायला हवा होता. पण दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षं चालू ठेवला. आणि खरं उत्तर आलं 13 ऑक्टोबर 1935 ला, याच जिल्ह्यातल्या येवल्याला. हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असं आंबेडकरांनी जाहीर केलं. त्यानंतरही 21 वर्षं विचार केला आणि 1956 साली नागपूरला धम्मदीक्षा घेतली. हे उत्तर आलेल्या धक्क्याच्या मापाचं नव्हतं, आणि कुणाच्या अंगावरही पडलं नाही. त्याला प्रतिक्रिया म्हणणं म्हणजे ते समजलंच नाही असं होईल.

एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, मग समोरचा मारतोय आणि आपण विचार करत बसायचं का?

उत्तर : नाही हो. स्वतःला वाचवण्यासाठी हात आडवा जातो, तिथे कुणी चिंतन करा म्हणत नाही. तिथे जागा खरंच कमी असते, आणि कायदाही ते मानतो. मी बोलतोय ते घरी जाऊन, जेवून, चार माणसं गोळा करून केलेल्या ‘प्रतिक्रिये’बद्दल.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना माणसांची उदाहरणं द्यायची की नाही?

उत्तर : अवश्य द्या, मॅडम. मुलांना भिंत ढकलायला लावा, हाताला काय जाणवतं ते विचारा. मग विचारा, मित्राने ढकललं तर? भिंत आणि तुम्ही, यांत फरक काय? तीन फरक त्यांनाच शोधू द्या. भिंतीला तेवढंच आणि तेव्हाच ढकलता येतं. तुम्हाला थांबता येतं. एवढं नववीत कळलं तरी पुष्कळ झालं.

शेवटच्या गाडीची वेळ झालीय, ज्यांना खाली उतरायचंय त्यांनी निघा.