सांगाल तेवढंच लक्षात

जुन्या संगणकासाठी एखादं लिनक्स सुचवा म्हटलं, की बहुतेक जण एमबीचे आकडे सांगू लागतात. टायनी कोअर लिनक्सचे आकडे डोळ्यांत भरतात हे खरं. नुसत्या कमांड लाइनचं ‘कोअर’ अलीकडच्या आवृत्त्यांत 17 एमबीच्या आसपास, खिडक्या आणि माउससकटचं ‘टायनी कोअर’ साधारण 23 एमबी. प्रकल्पाच्या म्हणण्यानुसार 486 डीएक्स प्रोसेसर आणि 46 एमबी रॅम एवढ्यावर ते चालू होतं. पण त्याची गोडी आकारात नाही. काय लक्षात ठेवायचं आणि काय विसरायचं, याची जी व्यवस्था त्यात लावली आहे, ती खरी पाहण्यासारखी आहे.

त्याचे कर्ते रॉबर्ट शिंगलडेकर आधी जॉन अँड्र्यूज यांच्या ‘डॅम स्मॉल लिनक्स’वर काम करत. त्या प्रकल्पाची अट 50 एमबीची होती, कारण तो व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सीडीवर मावायला हवा होता. तेवढ्यात ब्राउझर, ईमेल, स्प्रेडशीट, गाणी ऐकायची सोय असं सगळं बसवलं होतं. कसरत वाखाणण्यासारखीच, पण कुणाला काय लागेल हे करणाऱ्यांनीच ठरवून टाकलेलं. 2009 मध्ये टायनी कोअरची पहिली पक्की आवृत्ती आली, तिने हा निर्णय वापरणाऱ्यावर सोडला. त्यात ब्राउझरसुद्धा नाही.

ते सुरू होताना निरखून बघावं. डिस्कवरून मुख्यतः दोन फाइली उचलल्या जातात: एक कर्नल आणि एक दाबून लहान केलेली मूळ प्रणाली. ती रॅममध्ये उलगडते आणि तिथेच राहते, त्यामुळे कुरकुरणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कची पुढे फारशी वाट पाहावी लागत नाही. ‘कोअर’मध्ये शेवटी काळ्या पडद्यावर एक पेंग्विन येतो. कंस, आडव्या-तिरप्या रेघा अशा चिन्हांतच काढलेला, पोटावर टी आणि सी ही अक्षरं. बाजूला ‘कसलीही हमी नाही’ अशी सूचना. चित्राची वेगळी फाइल खर्ची न घालता की-बोर्डावरच्या खुणांत काम भागवलं आहे.

पुढे जे हवं ते आपण मागवायचं. प्रत्येक प्रोग्राम टीसीझेड नावाच्या फाइलीत येतो. ही फाइल म्हणजे न सोडता वापरता येणारं गाठोडं: ती डिस्कवर दाबलेलीच राहते, प्रणालीला फक्त आत वाट करून दिली जाते आणि लागेल तेवढाच भाग रॅममध्ये येतो. कुठले प्रोग्राम सुरुवातीलाच जोडायचे याची एक साधी यादी असते. यादीतलं नाव काढलं, की पुढच्या वेळी तो प्रोग्राम नव्हताच म्हणायचा.

सर्वांत बारकाईने वाचावी अशी फाइल मात्र दुसरीच आहे. ‘डॉट फाइलटूल डॉट एलएसटी’. तिच्यात मुळात दोनच शब्द असतात, ‘ऑप्ट’ आणि ‘होम’. म्हणजे बॅकअप घेतला तर या दोन फोल्डरांतलं टिकेल, रॅममधलं बाकी सगळं बंद करताक्षणी पुसलं जाईल. बंद करताना खिडकी विचारतेच, बॅकअप घ्यायचा की नाही. आता ‘होम’मध्ये एखादा सिनेमा उतरवून ठेवला, तर बॅकअपची फाइल फुगते, संगणक बंद व्हायला वेळ लागतो आणि सुरू व्हायलाही. साठवण्याची किंमत रोजच्या रोज कळते. मग माणूस आपणहून मोठ्या फाइली वेगळ्या पार्टिशनवर हलवतो. शिस्त लावणारा उपदेश कुठेच नाही, रचनाच ते काम करते.

उणिवा आहेत, आणि त्या बारीक नाहीत. लहान आवृत्त्यांत वाय-फायची सोय नाही, आधी केबल लावावी लागते किंवा मोठं ‘कोअर प्लस’ घ्यावं लागतं. मराठी वाचायचं तर देवनागरी फॉन्ट आपणच आणून जोडायचा. आणि आजचा ब्राउझर उघडला, की प्रणालीने वाचवलेली रॅम दोन-चार पानांतच संपते. तिथे टायनी कोअरचा नाइलाज आहे, जड झालंय ते वेब. सगळं तयार हवं असेल त्याने पपी किंवा अँटिएक्स अशा दुसऱ्या लिनक्सकडे जावं. लेखन, एखादा छोटा सर्व्हर, एकच ठरलेलं काम, यांसाठी मात्र हे उत्तम.

वीज अचानक गेली, तर शेवटच्या बॅकअपनंतर ‘होम’मध्ये लिहिलेलं जातं. त्याच वेळी मूळ प्रणालीला धक्का लागत नाही, कारण चालू असताना तिच्या फाइलींवर काही लिहिलंच जात नाही. नुकसान आणि निर्धास्तपणा एकाच नियमातून निघतात. सारी रचना त्या एका नियमावर उभी आहे, म्हणूनच तिला मी लहान म्हणण्याआधी नेटकी म्हणेन.